एका होडीत दोन गळ

पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, पण ह्याच्या गळालाही भिंगरीच. म्हणून तळ्यावरची मंडळी त्याला भिंगरीच म्हणायची आणि हाही खुशाल ओ द्यायचा. धंदा सोफ्या-खुर्च्यांचं कापड बदलण्याचा. दिवसभर गाळ्यात बसायचं, बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे. बसून बसून कंबर धरायची. मग सुट्टीच्या दिवशी असला माणूस एका जागी टिकेल होय?

बायकोचं नेमकं उलट. ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. आठवडाभर उभी. सुट्टीला तिला एवढंच हवं असायचं की कुठंतरी बूड टेकावं आणि कुणी हलवू नये.

मासे धरायचं वेड मात्र दोघांना सारखंच, आणि होडी एकच. त्याचा गळ भिंगरीचा: दोरीत रंगीत मणी ओवलेले, त्यापुढे पितळेची चकती, मागे आकड्याला गांडूळ. होडी हळूहळू चालत राहिली तरच चकती फिरते, चमकते आणि मासा धावत येतो. तिचा गळ साधा. शिशाचा तुकडा, आकडा, वळवळतं गांडूळ, बस्स. त्याला होडी थांबलेली लागते. एकाने चल म्हणायचं, दुसऱ्याने थांब. संसार कसला, रस्सीखेच नुसती.

तोड निघाली होती. जाताना त्याची भिंगरी, लव्हाळ्यापाशी पोचलं की थांबायचं आणि तिचा गळ टाकायचा. वल्ही तोच मारायचा, गळाची काठी ती धरायची. पण हा पठ्ठ्या लबाड. लव्हाळं समोर दिसत असताना मुद्दाम लांबून वळसा घालायचा. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागच्या बैठकीकडे असतं, त्यामुळे तिचं नाक मुरडणं त्याला बघावंच लागायचं. ती एवढंच म्हणायची की तळं दर आठवड्याला वाढतंय वाटतं. तो म्हणायचा, तुझ्या गांडुळाला तेवढंच जग बघायला मिळतं. गढूळ पाण्यात भिंगरी बरी आणि नितळ पाण्यात साधा गळ, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. कबूल कुणी करायचं, हा प्रश्न होता.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी दुर्लक्ष, मग घरगुती औषधं, मग दवाखाना. डॉक्टरांनी त्याला बाजूला बोलावून सांगितलं, आणि तिला कुणी सांगायची गरजच पडली नाही. नवऱ्याचा चेहरा वाचायला बायकोला चष्मा लागत नाही. तिने ना रडारड केली, ना कुणाला बोल लावला. एकच मागितलं. तळ्यावर न्या, एक मासा माझ्या हाताने काढीन म्हणते.

झालं, ह्याची झोप उडाली. एक मासा, तिच्या हातून. गाळ्यात हातोडी हातात धरून तो तासन्‌तास नुसता बसायचा. त्या आठवड्यात वाऱ्याने तळं ढवळून निघालं होतं, पाणी मातकट. अक्कल सांगत होती, भिंगरी बांध. पण मन तयार होईना. जन्मभर हिच्या वाटणीचं थांबणं आपण वळसे घालून खाल्लं, आता शेवटच्या खेपेलाही आपलीच चकती फिरवायची? त्याने साधा गळ बांधला. गाळ्यातलं सगळ्यात मऊ कापड काढून तिच्या बैठकीला गादी शिवली. आणि सरळ, अगदी नाकासमोर, होडी लव्हाळ्यापाशी नेऊन उभी केली.

मासा कुठला लागायला! पाणी हलेना, दोरी हलेना. तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"अहो, चालवा ना," ती म्हणाली. "थांबलं की दुखणं शेजारी येऊन बसतं."

त्याच्या खिशात भिंगरी होतीच, सवय जाते थोडीच. ती काढून बांधली आणि वल्ही उचलली. दोरी मागे सुटली, चकती फिरायला लागली. तिने दोरीवर बोट ठेवलं.

"किती छान थरथरतंय हो. मला कधी सांगितलं नाहीत."

काठी जन्मभर तिच्याच हातात, पण दोरीवर बोट ठेवायला ती कधी राजी झाली नव्हती, आणि ठेवून बघ असं ह्यालाही सुचलं नव्हतं. तो मान खाली घालून वल्ही मारत राहिला.

आणि लागला! काठी कमानीसारखी वाकली. तिने दोन्ही हातांनी धरली, ओठ दाबून धरली. अशा वेळी होडी चालती ठेवायची, दोरी ढिली पडू द्यायची नाही, हे तळ्यावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ह्याच्याइतकं तर कुणालाच कळत नव्हतं. पण त्याला दिसली तिची मनगटं, काडीसारखी झालेली. माणूस बायकोकडे बघेल की दोरीकडे? त्याने वल्ही सोडली आणि पुढे झेपावून काठी धरली. होडी थांबली, दोरी ढिली पडली, मासा गेला.

ती हसली. खोकला येईपर्यंत हसली.

"वल्ही का सोडली हो?" ती म्हणाली. "मी धरला होता ना."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे वाटत राहिलं. ती पुन्हा होडीत बसली नाही. थोड्याच दिवसांत गेली.

आता तो सुट्टीला एकटा जातो. वल्ही मारायची आणि काठीही सांभाळायची, दोन्ही एका माणसाला जमत नाही. लोक म्हणतात, छोटं इंजिन बसव. तो बरं म्हणतो आणि बसवत नाही. मग उरतो साधा गळ. पायाला भिंगरी असलेला माणूस लव्हाळ्यापाशी दगडासारखा बसलेला असतो. तिची काठी तिच्या गादीखाली खोचलेली, दोरी पाण्यात, वल्ही मात्र ह्याच्या दोन्ही हातांत गच्च.

परवा मासा लागला. चांगला मोठा असावा, काठी करकरायला लागली. पलीकडच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, अरे धर ना! ह्याने वल्ही सोडली नाहीत. उलट ती मारायला लागला, जोरजोरात, दोरी ढिली पडू नये म्हणून. काठी गादीखालून सरकली, होडीच्या काठावरून घसरली आणि पाण्यात गेली. तरी तो रिकाम्या बैठकीकडे बघत वल्ही मारतच राहिला.