सोलर पॅनेलवरच्या गोधड्या

शनिवारी सकाळी सातला बायकोला मोटारसायकलवर बसवलं आणि सातपूरहून हरसूलकडे सुटलो. तीन वर्षांपूर्वी तिकडच्या एका पाड्यावर मी स्वतःच्या हातांनी सोलर पंप बसवला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण बाईसाहेबांनी माझं एकही काम पाहिलेलं नव्हतं. शिवाय वर्कशॉपच्या भिंतीवर लावायला चकचकीत पॅनेलचा फोटो हवा होता. गिरणाऱ्यापर्यंत मी हेल्मेटच्या आत गातच होतो.

पेट्रोल शहरातच भरा. गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल असे दोन तास धरा. आम्हाला तीन लागले, कारण हिला प्रत्येक वळणावर उतरायचं होतं. हरसूलला साठ रुपयांत दोघांचा चहा-भजी. पुढे कच्चा रस्ता, हाडं खिळखिळी होतात, पण मजा येते.

वरच्या पाड्यावर पोचलो आणि बघतो तर माझ्या पॅनेलवर गोधड्या. अंगावर घ्यायच्या, ठिगळांच्या, कडा दगडांनी दाबलेल्या. पंप गप्प.

"अहो, वाळत घातल्या असतील," ही म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. भराभरा सगळ्या ओढून काढल्या. पंप सुरू झाला, टाकीत धो धो पाणी पडायला लागलं आणि मी चक्क नाचलो. हिने व्हिडिओ काढला.

दहा मिनिटांत खालच्या पाड्यावरून एक बाई धापा टाकत चढून आल्या.

"कोणी काढल्या गोधड्या?"

"मी, मावशी. हा पंप मीच बसवलाय."

"मग तूच घाल परत. आज आमचा वार हाय."

या हिराबाई. गोधड्या अंथरताना त्यांनी सगळं सांगितलं. पंप आला, वरच्या बायकांची पायपीट थांबली, पोरी शाळेत गेल्या. पुढच्या वर्षी पाणी दिसतंय म्हणून वरच्यांनी उन्हाळी टोमॅटो लावला. हातात पैसा आला, पण पंपाची विहीर तळाला गेली आणि तिच्याखालचा हिराबाईंचा झरा आटला. त्यांच्या लेकीची, संगीताची नववी निम्मी नदीवरून पाणी आणण्यात गेली.

पंपाशेजारी शाश्वत विकासाची पाटी आहे. स्वच्छ पाणी, शिक्षण, ऊर्जा, शेती, प्रत्येकाचा रंगीत चौकोन. पहिल्या वर्षी या चौकोनांनी एकमेकांना हात दिला, दुसऱ्या वर्षी एकमेकांचे पाय ओढले. मला फक्त पहिलं वर्ष माहीत होतं. खूप लाज वाटली.

शेवटी दोन्ही पाड्यांच्या बायका एकत्र बसल्या होत्या आणि ठरलं होतं, आठवड्यातले दोन दिवस पंपाला झोपवायचं. तेवढ्यात विहीर भरते, झरा वाहतो.

"पंप चालला असता तर उद्या झरा नाय," हिराबाई म्हणाल्या. "पोरीची दहावी हाय मार्चात."

"मावशी, पेटीत बटण आहे. दाबलं की बंद."

"ठाऊक हाय. बटण खालून दिसतं का? गोधडी दिसते."

ही इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. मग मीही हसलो. दुपारी हिराबाईंकडे नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी हादडली. संगीता दाराशी भूगोल पाठ करत होती आणि मधूनच मान वर करून टेकडीकडे बघून घेत होती.

घरी येऊन आठवडा झाला. नाचाचा व्हिडिओ सासरवाडीत सगळ्यांनी पाहिलाय. वर्कशॉपच्या भिंतीवर मात्र गोधड्यांचा फोटो लावलाय. काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हा पंप बंद पडलाय का?"

"नाही," मी म्हणालो, "आता कुठे नीट चालतोय."