तिसऱ्या ‘का’वर थांबलेला अहवाल

बालाजी गेल्याचं मला प्लांटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळचा चहा गाळत होते. ‘आपले सहकारी बालाजी यांचे हृदयविकाराने दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि ती संपायच्या आत कुणीतरी सोमवारच्या ऑडिटला सगळ्यांनी सेफ्टी शूज घालून यावं, अशी सूचना टाकली. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, चाकणच्या या कारखान्यात चौदा वर्षं राबलेला, आणि त्याच्या वाट्याला शूजच्या आधीची दोन मिनिटं! याला आता सहा आठवडे झाले. राग ओसरला की लिहू, म्हणून थांबले होते. तो ओसरत नाही, तेव्हा रागातच लिहिते आहे.

बालाजी उदगीरकडचा. या कारखान्याच्या बऱ्याच आधी, विशीत इकडे आला तेव्हा भोसरीत तिघांत मिळून एका खोलीत राहायचा, पुढे लग्न झालं, मुलगी झाली, रावेतला घर झालं. तो सिस्टीम अ‍ॅडमिन, मी क्वालिटीत. तपासणीचं माझं सगळं रेकॉर्ड आणि प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग त्याच्या लिनक्सच्या सर्व्हरवर असायचं. त्यात चार डिस्क एकमेकींना बांधलेल्या होत्या. एक मेली तरी उरलेल्या तिघी माहिती सांभाळतात. या बांधणीला आयटीवाले अ‍ॅरे म्हणतात, एवढं मला त्यानेच शिकवलं. काही बिघडलं की बाकीचे लोक धडाधड बटणं दाबायचे. हा खुर्ची ओढून बसायचा आणि पडद्यावरची एररची ओळ मोठ्याने वाचायचा, एकदा नाही, तीनदा. मी चिडवायचे, “अरे, पोथी वाचतोयस का?” तो म्हणायचा, “ताई, मशीन काय म्हणायलंय ते वाचा की आधी. लोकं वाचायलेच न्हाईत, नुसतं दाबायलेत.” त्याच्यावर रागवावं असं त्या वेळी काही नव्हतं. हाताखाली माणूस नाही, रजा मागितली की कपाळावर आठ्या, तरी हा आपला हसतमुख.

आता तो प्रसंग सांगते. तीन वर्षांपूर्वी सुरक्षेच्या कुठल्याशा नियमासाठी सर्व्हरवर नवीन कर्नेल घालावा लागला. कर्नेल म्हणजे त्या यंत्राचा मुकादम, आणि मॉड्यूल म्हणजे मुकादमाच्या पेटीतली हत्यारं, असं बालाजीने मला समजावलं होतं. नव्या मुकादमाच्या पेटीत नेमकं अ‍ॅरे ओळखण्याचं हत्यारच नव्हतं. सर्व्हर चालू होता तोवर जुनाच मुकादम काम बघत होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. पण यंत्र एकदा बंद करून चालू केलं की नवा कामावर येणार आणि त्याला डिस्क दिसणार नाहीत. ते मॉड्यूल बाहेरून मागवायचं, तर मॅनेजरची मंजुरी हवी. बसवून पाहायचं, तर अर्धा दिवस सर्व्हर थांबवायला हवा. मंजुरी येईना, प्रॉडक्शन अर्धा दिवस देईना. बालाजीने सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर कागद चिकटवला, ‘बंद करू नये’, आणि दसऱ्याला गावी गेला.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट, सगळं थांबवून, पुसून, हळदकुंकू वाहून झेंडूचे हार घालतात. त्या वर्षी आयटीचे मॅनेजर म्हणाले, “सर्व्हरपण मशीनच आहे ना? देवासमोर मशीन चालू ठेवतात का? करा बंद.” इलेक्ट्रिशियनने बंद केला. दारावर भलामोठा हार चढला आणि बालाजीचा कागद त्याच्यामागे गेला. आरती झाली, पेढे वाटले, सर्व्हर चालू केला... आणि पडद्यावर आलं की मॉड्यूल सापडत नाही. अकरा वर्षांचं रेकॉर्ड गायब!

मी खोलीत पोचले तेव्हा मॅनेजरसाहेब फोनवर कुणा तज्ज्ञाला विचारत होते, आणि तो तज्ज्ञ सांगत होता, अ‍ॅरे दिसत नसेल तर नवा तयार करा. मी बालाजीला फोन लावला. तो जवळजवळ ओरडलाच, “ताई, नवा करू देऊ नका! हाय ते सगळं पुसून जाईल. कुणालाबी हात लावू देऊ नका, मी यायलोय.” मग मी त्या खोलीच्या दाराला खुर्ची लावून बसले. मॅनेजरसाहेब म्हणाले, “मॅडम, हा तुमचा विषय नाही.” मी म्हटलं, “रेकॉर्ड माझं आहे.” दसऱ्याच्या सकाळी तो एसटीने उतरून थेट आला, पिशवीसकट. नेहमीसारखी ओळ तीनदा वाचली. यंत्र सुरू होताना येते त्या यादीतून जुना कर्नेल निवडला आणि अ‍ॅरे उभा राहिला. एक डिस्क बाहेर पडली होती, ती परत जोडली, आणि तिच्यात माहिती पुन्हा भरत होती तेवढ्यात खिशातून आपट्याची पानं काढून सगळ्यांना सोनं दिलं, मॅनेजरसाहेबांनाही. रेकॉर्डचं एक पान, एक ड्रॉइंग गेलं नाही.

आणि पुढच्या आठवड्यात या माणसाची चौकशी!

गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या आमच्या कारखान्यांत चुकीच्या मुळाशी जायला पाच वेळा ‘का’ विचारतात. माहिती का दिसेनाशी झाली? डिस्क दिसल्या नाहीत. का? कर्नेलमध्ये मॉड्यूल नव्हतं. का? अ‍ॅडमिनने अपडेट नीट तपासला नाही आणि कुणाला लेखी कळवलं नाही. इथे एक नाव सापडलं आणि अहवाल थांबला. यंत्र बंद कुणी करायला लावलं, हे विचारलंच नाही. बाहेरच्या सप्लायरने तिसऱ्या ‘का’वर थांबलेला फॉर्म पाठवला तर मी तोंडावर परत करायचे. आणि इथे... बालाजी म्हणाला, “सर, मेल केली होती मी. तुम्हाला, आन ताईंना.” मॅनेजरसाहेब म्हणाले, “मला आठवत नाही. मॅडम, तुम्हाला आली होती?” मी ठामपणे म्हटलं, “नाही. मला अशी कुठलीच मेल आलेली नाही.” बालाजीने माझ्याकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि सही केली. क्वालिटीच्या रकान्यात मी सही केली. त्यानंतर त्याला सर्व्हरवरून काढून गेटवरच्या हजेरीच्या मशीनवर बसवलं. तीन वर्षं तो लोकांचे अंगठे उमटत नाहीत म्हणून ती काच पुसत बसला. मला त्याने कधी एक शब्द ऐकवला नाही.

शोकसभेत मॅनेजरसाहेब म्हणाले, “माणूस म्हटला की चुका होतात. त्या सर्व्हरच्या वेळी झाली त्याच्याकडून, पण मनाने सोनं होता.” समोर त्याची मुलगी बसली होती, ऋतुजा. ताथवड्याला कॉलेजात कॉम्प्युटरच शिकते. वडिलांच्या फोटोसमोर बसून तिने हे ऐकलं! बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, “काकू, चूक बाबांची होती?”

जागेवर येऊन मी मेलमध्ये त्याचं नाव शोधलं. त्याचा सर्व्हर रोज सकाळी अ‍ॅरे ठीक असल्याची मेल पाठवायचा, आणि मीच एकदा वैतागून म्हटलं होतं, “बालाजी, यांना कुठेतरी बाजूला टाक बाबा.” त्यानेच माझ्या मशीनवर व्यवस्था करून दिली होती, की विषयात अ‍ॅरे हा शब्द आला की मेल परस्पर वेगळ्या कप्प्यात जावी. तो कप्पा मी कधी उघडला नव्हता. त्यात शेकडो मेल, आणि त्यांच्यामध्ये एक त्याच्या स्वतःच्या हातची, विषयात ‘अ‍ॅरे’ असलेली, न वाचलेली म्हणून ठळक अक्षरांत.

‘सर, नवीन कर्नेलमध्ये अ‍ॅरेचं मॉड्यूल नाही. सर्व्हर बंद झाला तर डिस्क दिसणार नाहीत. रविवारी अर्धा दिवस द्यावा. तोवर कुणी बंद करू नये. सगळं रेकॉर्ड ताईंचं आहे, म्हणून त्यांनाही कळवत आहे.’

चौकशीत त्याच्या लक्षात आलं असणार की मी खोटं बोलत नाहीये, मेल त्या कप्प्यात पडली आहे. स्वतःच्या मशीनवरून ती दाखवायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. का नाही दाखवलीस रे? सगळ्यांसमोर माझी मान खाली जाईल म्हणून? गेली असती तर गेली असती! तुझ्या त्या भिडेचाही मला संताप येतो.

अहवाल मी पुन्हा उघडला आहे, तो अधिकार क्वालिटीला असतो. मॅनेजरसाहेब म्हणाले, “मॅडम, माणूस गेला, आता कशाला?” मी मेल छापली आणि रावेतला गेले. ऋतुजाने ती उभ्यानेच वाचली.

“म्हणजे बाबांनी आधीच सांगितलं होतं?”

“हो,” मी म्हटलं. “मला सांगितलं होतं.”