नस खोल आहे

आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशीचं अंग भारी होतं, आणि त्यावर पहिला विनोद ती स्वतःच करायची. "माझ्या एका झग्यात दुकानदाराचा कापडाचा तागा संपतो," असं म्हणून गिऱ्हाइकाला हसवून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरायची नाही. जाड बायकांचं माप घेताना मात्र ती आकडा कधी मोठ्यानं उच्चारत नसे. पुढे उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीत गुपचूप जास्त माया सोडायची.

तिला साखरेचा आजार होता. तळव्यात मोडकी सुई रुतली तरी तिला कळलं नाही. जखम चिघळल्यावर ती दवाखान्यात गेली, तर तिथला वजनकाटा तिला पुरेना. भरल्या खोलीत डॉक्टर म्हणाले, की आधी हे वजन उतरवा, मग पायाचं बघू. मावशी मान खाली घालून घरी आली ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. पायाला फडकं गुंडाळून मशीन चालवत राहिली. मेलेल्या बहिणीची मुलगी तिच्याजवळ राहायची, त्या भाचीलाही तिनं पत्ता लागू दिला नाही. शेवटी वासानं बिंग फुटलं.

मोठ्या इस्पितळात सांगितलं, की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. पण मावशीचं हृदय अशक्त, झोपेत श्वास अडकायचा. पूर्ण भूल दिली तर ती पुन्हा जागी होईल याची खात्री नव्हती. पाठीत सुई द्यावी, तर मणका हाताला लागेना. तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंनी सोनोग्राफीचं मशीन मागवलं. पायाकडे जाणाऱ्या नसा पडद्यावर शोधून त्यांच्याजवळ औषध सोडायचं, म्हणजे तेवढा पाय बधिर होईल आणि मावशी जागी राहील.

शोधायला वेळ लागला. चरबीच्या थरांमुळे पडद्यावर नुसतं धुकं दिसत होतं. बाई स्टुलावर बसून मशीनचा डोळा मांडीवर दाबत, तिरपा करत, पुन्हा पुन्हा बघत होत्या. मावशी पुटपुटली, "माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला. देहच असला मेला."

बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "मावशी, नस खोल आहे, एवढंच. तुमचं काही चुकलेलं नाही."

त्यावर मावशी हुंदके देऊन रडायला लागली. अंग हलत होतं, म्हणून सुई थांबवावी लागली. नर्सनं तिचे डोळे पुसले. बाई तशाच थांबून राहिल्या.

पाय गेला तेव्हा दुखलं नाही. करवत ऐकू जाऊ नये म्हणून नर्स मोठमोठ्यानं बोलत होती, तरी मावशीला करवत ऐकू आलीच.

औषधाचा अंमल उतरायच्या आत भाचीनं तिला गाठलं आणि विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"काट्यावर उभं केलं ना गं मला, तेव्हा सगळे बघत होते."

"तेवढ्यासाठी, मावशी?"



घरी आल्यावर मशीनला हातानं फिरवायचं चाक बसवलं. एका हातानं चाक, दुसऱ्यानं कापड. काम होईना, दंड भरून यायचा. वर्ष पुरतं सरलं नाही तोच हृदयानं साथ सोडली. एका दुपारी मावशी खुर्चीतच गेली. मशीनवर शेजारणीच्या नवऱ्याचा सदरा अर्धा राहिला होता.

तो भाचीनं पुरा केला. कॉलर जराशी वाकडी बसली. शेजारणीनं ती पाहिली, सदऱ्याची घडी घातली आणि घेऊन गेली.