सिग्नलवरची चावी

१४ मार्च, शनिवार. सकाळी औषधं आणली. पंपावर टाकी काठोकाठ भरून हिशेब केला: गाडीने लिटरला सोळा दिले.

मी चमकले. सोळा फक्त हे चालवायचे तेव्हा मिळायचे. आमच्या ड्रायव्हरच्या हाती जेमतेम बारा. हे टोमणा मारायचे, "सिग्नलला इंजिन बंद करायला हात झिजतो का रे तुझा?" हे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, किती पेट्रोल पिते! विकून टाक." म्हणजे वीस वर्षं आमच्याकडे असलेल्या ड्रायव्हरची नोकरीही जाणार.

"मीटरशी काही खेळ केलास का?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"शपथ, बाई! तुम्हीच पुढे बसून बघा."

बसले. चौकात लाल दिवा लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत चावी फिरली. इंजिन बंद. त्याचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

"महिनाभर हेच चाललंय," तो पुटपुटला. "सांगितलं असतं तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं."

हिरवा दिवा लागताच चावी परत वळली.

संध्याकाळी मुलाला कळवलं, गाडी राहील आणि ड्रायव्हरही. गॅरेजला आज कुलूप लावलं नाही. चावी गाडीलाच ठेवली.