घोट्यावरच्या खुणा

नोकरीतले बरेच तपास आता पुसट झाले आहेत. सहा वर्षांच्या एका मुलीच्या मोडलेल्या पायाचे प्रकरण मात्र आजही तपशिलांसह डोळ्यांसमोर उभे राहते. तेव्हा मी जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो.

सकाळची हजेरी संपत असताना जालन्याच्या रुग्णालयातून एमएलसीचा फोन आला. जखम मारहाणीची असल्याचा संशय आला की डॉक्टर पोलिसांना ही खबर देतात. पहिलीतल्या मुलीचा डावा पाय घोट्याच्या वर मोडला होता. दोन दिवस गावातल्या हाडवैद्याची पट्टी होती. बोटे सुजून निळी पडू लागली, तेव्हा घरच्यांनी तिला शहरात नेले. शाळेत शिक्षकाने छडीने मारले, असे ते सांगत होते.

दुपारपर्यंत ठाण्यासमोर दोन जीपभर माणसे उतरली. मुलीचे वडील जालन्याच्या एका स्टील कारखान्यात कामाला होते. त्यांनी फिर्याद दिली. सोबत मुलीचा चुलता होता. गावात मोठी शेती राखून असलेले हे घर. शिक्षक शेजारच्या गावातल्या बौद्ध कुटुंबातले, तरुण, नोकरीला नवे. एवढ्यावरून गावात दोन तट पडायला वेळ लागला नसता.

गावच्या एका पुढाऱ्याने माझ्या टेबलावर हात ठेवून सांगितले, "साहेब, मास्तरला आत घ्या. न्हाई तर सोमवारी शाळंला कुलूप."

"चावी माझ्याकडं आणून द्या मंग," मी म्हणालो, "हरवली तर पुन्हा माझ्याच ठाण्यात तक्रार याल घेऊन."

मागे कोणीतरी हसले. पुढाऱ्याने हात उचलला.

फिर्याद नोंदवली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि शिक्षकाला चौकशीसाठी बोलावले. बाकावर तो ताठ बसून होता.

"हात उगारला न्हाई साहेब. वर्गात दंगा चालू होता म्हणून रागावलो, हे खरं. सुट्टी झाली तेव्हा ती उड्या मारत गेली. तिचा काका फाटकापाशी गाडी घेऊन उभा व्हता."

"आणखी कोणी पाहिलं?"

"सगळे बाजाराला गेल्ते. कुंभार पिंपळगावचा बाजार होता." थोडा थांबून तो म्हणाला, "एकदा कोठडीत गेलो की निलंबन ठरलेलं आहे. मंग निर्दोष सुटलो तरी पोरांना मारणारा मास्तर हेच नाव राहील."

त्याचे म्हणणे बरोबर होते. अटक करायला मला एक सही पुरली असती. ती मागे घ्यायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. त्याला घरी पाठवले आणि जालन्याला निघालो.

हाडांच्या डॉक्टर अनुभवी होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"छडी नडगीवर समोरून बसते. वळ उठतो. इथं वळ कुठंच नाही. टाचेमागची कातडी सोलून निघालीय आणि हाड पिळल्यासारखं मोडलंय. पाय अडकला आणि अडकवणारी वस्तू फिरत राहिली. हळदीचा लेप धुतला, तेव्हा कातडीच्या घडीत वंगण सापडलं. दुचाकीवर मागं बसवलेली मुलं असे पाय घेऊन माझ्याकडे नेहमी येतात."

"हे लेखी द्याल?"

"देते की. पण चाक कोणाचं, ते तुम्ही शोधा."

मुलीचा जबाब घ्यायला साध्या सलवार-कमीजमधल्या एका महिला शिपायांना पाठवले. मी पडद्याच्या अलीकडे उभा राहिलो. कोणी मारले, हे विचारायचेच नाही, बाजाराच्या गप्पांपासून सुरुवात करायची, असे त्यांना बजावले होते. मुलांना तयार उत्तर शिकवलेले असेल तर त्या प्रश्नाला तेच उत्तर येते.

"बाजारात काय खाल्लं गं?"

"गोडीशेव."

"एकटीनंच?"

"काकानं बी खाल्ली. जास्ती त्यानंच खाल्ली."

"आणि ही एकच चप्पल कशी तुझी? दुसरी कुठंय?"

मुलगी अगदी हळू म्हणाली, "चाकानं खाल्ली. काका म्हणला, कुणाला सांगू नको. दादा मारीन मला."

दादा म्हणजे तिचे वडील. चुलत्याचा थोरला भाऊ. मार बसायची भीती चुलत्याला होती.

निरोप धाडल्यावर चुलता त्याच संध्याकाळी मोटारसायकल घेऊन ठाण्यात हजर झाला. गाडी चकाचक पुसलेली होती. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला साडी किंवा पाय आत जाऊ नये म्हणून असते ती साडी गार्डची जाळी नव्हती. जाळी जिथे बसते ती भोके मात्र मोकळी दिसत होती.

"जाळी कुठंय?"

"काढून ठेवली साहेब. आवाज करून राह्यली व्हती."

"खरं सांग."

त्याने मान खाली घातली. "गाडी बायकी दिसते तिच्यानं. पोरं हसतात."

"आता हसतात का?"

पंचांसमोर चाक तपासले. पुसणाऱ्याचे फडके पोहोचले नव्हते तिथे, स्पोक आणि हबच्या मध्ये, चपलेच्या गुलाबी पट्ट्याचा तुकडा अडकलेला होता. तो चिमट्याने काढून पंचांना दाखवला, तेव्हा चुलत्याने सगळे कबूल केले.

"दादानं दोनदा सांगितलं व्हतं, जाळी बसवल्याबिगर पोरीला मागं बसवू नको. तिचे पाय फूटरेस्टला पुरत न्हाईत. बाजारातून येताना झालं साहेब. तिला मास्तर रागवले हे तिनंच वाटंत सांगितल्तं. घरी आलो, आई विचारायली काय झालं. माझ्या तोंडातून मास्तरचं नाव निघून गेलं. मंग सगळं गाव बोलायला लागलं. मला थांबवता आलं न्हाई."

वडील दाराशी उभे होते. ते धाकट्या भावावर धावून जातील म्हणून जमादार पुढे सरसावले. पण ते म्हणाले, "साहेब, मला गुरुजीच्या घरी जायचंय. एखादा माणूस द्या सोबत. मी एकटा गेलो तर ते दार उघडणार न्हाईत."

त्यांच्यासोबत मीच गेलो. दार उघडले. वडिलांनी हात जोडले, "चुकलं आमचं." शिक्षकाने त्यांचे हात खाली केले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाय वाचला का?"

वाचला. हाडात तारा घालाव्या लागल्या, टाचेवर मांडीची कातडी लावावी लागली. वाढत्या वयाचे हाड असल्याने वारंवार तपासणीला आणा, असे डॉक्टरांनी सांगितले आणि वडिलांनी ते पाळले. चुलत्यावर निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवला. शिक्षक निर्दोष असल्याचा अहवाल कोर्टात गेला. सोमवारी शाळा वेळेवर भरली.

पुढे ठाण्याच्या हद्दीतल्या प्रत्येक बाजारात आम्ही नाकाबंदी लावली. मागे मूल आणि चाकाला जाळी नाही, अशी गाडी दिसली की आधी मूल उतरवून घ्यायचे आणि जाळी बसवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. लोक चिडायचे. "साहेबाच्या मेव्हण्याचं दुकान असंल जाळ्यांचं," असेही कानावर आले. पण बदली होईपर्यंत तो शिरस्ता मोडू दिला नाही.

या तपासाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. मूल जखमी झाले की मोठी माणसे आधी दोषी शोधतात आणि जखम नंतर पाहतात. पोलिसाने उलट्या क्रमाने जावे. भीतीपोटी माणसे काहीही बोलतात. हाड कसे मोडले हे मात्र कोणाच्या सांगण्याने बदलत नाही. ते वाचणाऱ्या माणसाकडे वेळेवर जावे आणि तोवर गर्दीला थोपवून धरावे.

माझ्या नावावर अटका पुष्कळ आहेत, काहींसाठी प्रशस्तिपत्रेही मिळाली. अभिमान सर्वांत जास्त वाटतो तो त्या दुपारी न केलेल्या अटकेचा. तो शिक्षक आजही जिल्ह्यात शिकवतो आहे.