कॅनवर मी लिहिलेलं गाव

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. सातवीत शाळा सोडली ते, घरी न सांगता निघालो ते, सोलापुरातल्या पहिल्या वर्षी दर रविवारी रेल्वे स्टेशनवर नुसता जाऊन बसायचो ते पण. ही एक गोष्ट तेवढी तिला ठाऊक नाही. कोणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

मी तिकडचा, भंडाऱ्याकडचा. पाइपलाइन टाकणाऱ्या टोळीबरोबर इकडे आलो. अक्कलकोट रोडला चर खोदताना पायावर पाइप पडला. टोळी पुढच्या कामावर गेली, मी मागे राहिलो. बोलायला तोंड उघडलं की लोक हसायचे, कारण मी 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' म्हणायचो. त्या दिवसांत एका मॅडमची ओळख झाली. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या केमिस्ट होत्या. आमच्या चरापाशी नमुने घ्यायला यायच्या तेव्हा मी त्यांच्या बाटल्या धरायचो, तेवढीच ओळख. पण तेवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. बाटल्या धुवायच्या, झाडायचं, गावोगावी जाऊन नमुने आणायचे. कंत्राटी काम — दर अकरा महिन्यांनी मॅडम लिहून देणार की हा माणूस लागतो, मग पुढचे अकरा महिने. एकदाही लिहायला विसरल्या नाहीत. माझ्या लग्नात माझ्याकडून कोणी मोठं माणूस नव्हतं, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. माझं अक्षर बरं आहे हेसुद्धा मला त्यांनीच सांगितलं. तोवर कोणी सांगितलंच नव्हतं! बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मग मीच लिहू लागलो.

हे आधी सांगतोय ते माझी बाजू धरावी म्हणून नाही. उलट आहे. कुणाच्या बाबतीत केलं, ते आधी कळावं म्हणून.

त्या साली प्रयोगशाळेला फ्लोराईड मोजायचं नवं यंत्र घ्यायचं होतं. फ्लोराईड म्हणजे जमिनीतनं पाण्यात उतरणारा एक क्षार. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेला की ते पाणी पिण्यालायक नाही. पोरांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढं हाडं धरतात. सरकारी खरेदी तुम्हाला माहीत असेल — टेंडर निघतं, कागद वर जातात, खाली येतात, आणि मार्च संपायच्या आत सगळं व्हावं लागतं, नाहीतर मंजुरीच जाते. शेवटी दोन कंपन्या उरल्या. दोघांनी यंत्र घेऊन यायचं आणि कमिटीसमोर चालवून दाखवायचं असं ठरलं. मॅडम म्हणाल्या, कंपनीच्या बाटलीतलं पाणी सगळीच यंत्रं बरोबर मोजतात, आपल्या भागातलं पाणी मोजून दाखवा. मैंदर्गीच्या पुढं एका गावात एक हातपंप होता. त्याचं फ्लोराईड वर्षानुवर्षं तीनच्या आसपास यायचं. त्याचं पाणी आणायला मला धाडलं.

मी गेलो नाही.

आता कारण सांगायला पाहिजे — आणि तिथंच लाज वाटते, कारण कारण नाहीच. आजारी नव्हतो. घरी काही अडलं नव्हतं. अक्कलकोटला एसटीतनं उतरलो, पुढची जीप भरून गेलेली, दुसरी कधी येईल कोणी सांगेना. मैंदर्गीहून पुढं दीड तास चालायचं, येताना दोन भरलेले कॅन घेऊन. ऊन होतं. एवढंच. मी उसाचा रस प्यालो, सावलीला बसलो, आणि मनात म्हणालो — पाणी ते पाणी, कोण बघतंय? रसवंतीशेजारच्या हॉटेलाच्या टाकीला नळ होता, टँकरचं पाणी. दोन्ही कॅन तिथं भरले. वर चिठ्ठी चिकटवली, गावाचं नाव लिहिलं, 'हातपंप' लिहिलं, तारीख घातली. चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी बसली. मॅडम, वरच्या ऑफिसातले एक साहेब, आणखी एक जण. पहिलं यंत्र सांगलीच्या एका वयस्कर माणसाचं होतं. सगळे त्यांना काका म्हणत होते. पाण्यात कांडी बुडवायची, आकडा येतो. आकडा आला अर्ध्याच्याही खाली. काकांनी कांडी पुसली, पुन्हा बुडवली. तोच आकडा. दुसरं यंत्र रंगावरनं मोजणारं होतं. पाण्यात लाल औषध टाकायचं. फ्लोराईड जितकं जास्त तितका रंग उडतो. त्याचा आकडा आला पावणेतीन.

तुमच्या लक्षात आलं असेल कदाचित. माझ्या तेव्हा आलं नव्हतं. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर होती. ब्लीचिंगनं कपड्याचा रंग उडतो ना? तसा त्या औषधाचाही उडतो. काकांचं यंत्र खरं सांगत होतं. दुसरं ब्लीचिंगला फसलं होतं — आणि फसून नेमकं तिथं जाऊन पोचलं, जिथं मॅडमचा जुना आकडा होता.

काकांनी कॅन उचलला, नाकाशी धरला.

"मॅडम, वास घ्या ह्याचा. ब्लीचिंग मारतंय. मार्च महिन्यात हातपंपात कोण ब्लीचिंग टाकतंय?"

साहेब हसले. "काका, मशीन चुकलं की पाणी चुकतं व्हय?"

काका काही हसले नाहीत. म्हणाले, क्लोरीनची चाचणी घ्या, दोन थेंबांचं काम आहे, पाणी पिवळं नाही झालं तर मी यंत्र उचलून चाललो. ती थेंबांची बाटली समोरच्या फळीवरच होती. रोज मीच पुसायचो ती. मॅडमनी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पंपावरनंच आणलंस ना रे?"

सगळ्यांसमोर विचारलं. माझा आवाज नीट आला. "व्हय मॅडम. पंपावरनंच."

"मग चाचणीची गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "ह्यानं मला आजपर्यंत एकदाही खोटं सांगितलेलं नाही."

आणि ते खरं होतं. तोपर्यंत खरंच होतं.

काकांचं यंत्र कागदावर अपात्र झालं, दुसरं पास झालं. काकांची पेटी खाली न्यायला मलाच सांगितलं. जिन्यात ते एवढंच म्हणाले, "अक्कलकोटला रस चांगला मिळतो का रे?" मी पेटी सांभाळत पुढची पायरी उतरलो. त्यांना ठाऊक होतं, की नुसता अंदाज होता? पेटी टेम्पोत ठेवताना त्यांनी दोन्ही हातांनी ती नीट सरकवली, लहान मूल झोपवावं तशी. परत कधी आले नाहीत.

इथंच संपलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. माणूस विसरतो.

पण ते यंत्र चालू राहिलं ना. पावसाळ्यात गावोगावी काय करतात ठाऊक आहे? नमुना घ्यायला माणूस येणार असं कळलं, की आदल्या दिवशी ग्रामपंचायत पंपात दणकून ब्लीचिंग ओतते. जंतूंच्या तपासणीत पाणी पास व्हावं म्हणून. ते पाणी जंतूंत पास व्हायचं आणि फ्लोराईडात नापास. यंत्राच्या पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, की ब्लीचिंग असेल तर आधी एक औषध टाकून ते मारा. पण ते औषध यंत्राबरोबर आलं नव्हतं, आणि यंत्र आपल्या पाण्यावर पारखून घेतलेलं, त्यावर शंका कोण घेणार? मॅडमनी शंका घेतली नाही. शंकेची ती एक चाचणी त्यांनी माझ्या शब्दावर टाळली होती. बाटल्या मी उघडायचो. वास मला यायचा. प्रत्येक वेळी यायचा — आणि मी बूच बाजूला ठेवून पुढची बाटली उघडायचो. बोललो असतो तर कसं कळलं विचारलं असतं. मग त्या दिवशीचं निघालं असतं. मग अकरा महिन्यांचा कागद? मग मॅडमचं तोंड?

नापास झालेल्या पंपाला लाल रंग द्यायचा असतो, लोकांनी पिऊ नये म्हणून. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मलाच धाडायचे.

मैंदर्गीच्या अलीकडं एका वस्तीवर गौरव्वा नावाची म्हातारी होती. मी ब्रश काढला तशी ती नातवाला बखोटीला धरून घेऊन आली. कानडी वळणाची मराठी. भांडली नाही, समजावून सांगत होती.

"यप्पा, लाल कशाला करतो? हे पाणी माझ्या सासूपास्नं पितोय आमी. ह्या पोराचे दात बघ की."

तिनं पोराचा ओठ वर केला. दात पांढरेशुभ्र होते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर खराब दातांचं चित्र आहे, रोज बघतो मी. त्या दातांत तसलं काही नव्हतं. पोरगं माझ्याकडं बघून हसलं.

मी म्हणालो, "आजी, मशीनमध्ये आलंय." आणि रंग दिला. दोन हात दिले, वरनं खालपर्यंत.

त्यानंतर त्या वस्तीच्या बायका लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. दगडी पायऱ्यांची विहीर. दुसऱ्या वर्षी गौरव्वा त्या पायऱ्यांवरनं घसरली, खुबा मोडला. हे मला जीपवाल्यानं बोलता बोलता सांगितलं. मी म्हणालो, अरेरे.

मॅडम रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी बोलताना त्यांनी साहेबांची नावं घेतली, सहकाऱ्यांची घेतली, आणि शेवटी माझं घेतलं. म्हणाल्या, प्रयोगशाळा यंत्रांवर चालत नाही, अशा माणसांवर चालते. टाळ्या वाजल्या. मीही उभा राहून हात जोडले. अजून संक्रांतीला मी त्यांच्याकडं जातो, त्या अजून विचारतात, कागद झाला का रे तुझा? दरवेळी जाताना ठरवतो. दरवेळी तिळगूळ खाऊन परत येतो.

मागच्या वर्षी पुन्हा खरेदी झाली. नवं यंत्र आलं, कांडी बुडवायचं. लाल केलेल्या पंपांचे नमुने नव्यानं घ्यायचा हुकूम निघाला. काही पंप खरंच खराब होते. काही नव्हते. गौरव्वाच्या वस्तीवरच्या पंपाचा आकडा अर्ध्यावर आला. तिथलं पाणी चांगलं होतं. आधीपासनं चांगलंच होतं.

लाल रंग काढायला कोण जाणार? मीच. पंपाचे आतले भाग गंजले होते, दुरुस्तीवाले बरोबर होते. अर्धा दिवस गेला, मग पाणी आलं. आधी तांबूस, मग स्वच्छ. बायका जमल्या. गौरव्वा बाजेवर होती, सुनेनं तिची बाज दारापर्यंत ओढून आणली. तिनं मला ओळखलं.

"यप्पा, सुधारलं व्हय आमचं पाणी?"

बघा, तेव्हा सांगता आलं असतं. कमिटी नव्हती, साहेब नव्हते, मॅडम नव्हत्या. अकरा महिन्यांच्या कागदाला त्या म्हातारीकडनं काय धक्का होता? ऊनसुद्धा उतरलं होतं. एक वाक्य होतं — आजी, ते कधी बिघडलंच नव्हतं.

"व्हय आजी," मी म्हणालो. "सुधारलं."

"लई बरं केलं बाबा तुमी लोकांनी," ती म्हणाली. सुनेला सांगितलं, पहिला तांब्या ह्याला द्या, लांबनं येतोय तो आपल्यासाठी. सुनेनं तांब्या घासून भरून आणला. सगळ्या बायका बघत होत्या. मी प्यालो. गौरव्वानं विचारलं, ग्वाड हाय की? मी म्हणालो, हाय. तिनं मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, माझ्या पोराबाळांसाठी काहीतरी कानडीत म्हणाली.

तोही आशीर्वाद मी घेतला.