राघूच ओरडत असंल

निवृत्तीनंतर माणसाच्या डोक्यातल्या केसेस एकमेकींत मिसळायला लागतात. दरोडा कुठला आणि आरोपी कुठला, याची गल्लत होते. ही एक केस मात्र जशीच्या तशी राहिली आहे, कारण ती माझ्या कानात बसली आहे. आजही कुणाच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा दिसला की मी त्या घरचं पाणीसुद्धा न घेता उठतो. घरच्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो. वाटू दे.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. परभणी जिल्ह्यात, जिंतूर आणि झरीच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्यावर मी अमीन होतो. अमीन म्हणजे आताचा फौजदार. ठाण्याचं सगळं लिखाण उर्दूत चाले. सकाळी जवानांची हजेरी, मग रोजनामचा, मग गावोगावच्या पोलीस पाटलांचे निरोप. बैल चोरीला गेला, कडब्याची गंजी पेटली, बांधावरून डोकी फुटली, असलेच बहुतेक. अशाच एका सकाळी निरोप आला, की जवळच्या एका गावात कुणाची सून पाणी शेंदताना विहिरीत पडून मेली.

पंचनाम्याला गेलो. विहीर घराच्या मागच्या अंगाला होती. मुलगी विशीच्या आतबाहेरची. पाठीवर वळ होते आणि त्यातले काही जुने, पिवळे पडलेले. पोहरा काठावर होता आणि दोर नीट गुंडाळून ठेवलेला होता. पाणी शेंदताना तोल गेलेली बाई आधी दोर गुंडाळून ठेवत नाही, असं मी पाटलांना म्हणालो. ते म्हणाले, "कुनीतरी मागून गुंडाळला असंल, साहेब." पंचांनी माना हलवल्या. त्या गावात माना फार लवकर हलत.

नवरा तिशीतला, खात्यापित्या घरचा, बोलायला गोड. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. दोघंही रडत होती आणि रडणं बेताचं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहिलं, की मृत्यू बुडून झाला असून अंगावरच्या खुणा विहिरीच्या दगडांच्या असू शकतात. या 'असू शकतात'नं माझ्या नोकरीत किती खून गिळले, ते मला विचारू नका.

फाईल बंद व्हायच्या बेतात असताना मुलीची आई ठाण्यात आली. चारठाण्याकडची विधवा बाई, एकुलती एक लेक गमावलेली. तिनं आरडाओरडा केला नाही. ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून राहिली. मी बोलावलं तेव्हा म्हणाली, "साहेब, माझी लेक हिरीच्या काठावरच वाढली. ती पडायची न्हाई. तिला कुनीतरी ढकललं."

"मावशी, बघणारा कुणी आहे का?"

"मी कुठून आनू? मला त्येंचं घर नको, शेत नको. माझी लेक पडली न्हाई, एवढं सरकारनं म्हनावं. बास."

तिला एवढंच हवं होतं. ती रोज यायची, लिंबाखाली बसायची आणि दिवस कलला की उठून जायची. जवान तिला चहा द्यायचे. ती घ्यायची नाही.

खबर आणली ती एका कासारणीनं. बांगड्या विकत गावोगाव फिरणारी ही बाई आमच्या उपयोगाची होती, कारण कासारणीला प्रत्येक घरातल्या बाईचा हात माहीत असतो. ती म्हणाली, "अमीनसाहेब, त्या सुनंच्या बांगड्या लय फुटायच्या. नवी नवरी हसत हात पुढं करती. ही पोरगी डोळे मिटून घ्यायची, मनगटं सुजलेली असायची. अन् त्या घरचा राघू बघितलाव का तुमी? त्यो बाईच्या आवाजात रडतो. सारं गाव हसतंय त्याला."

दुसऱ्याच दिवशी मी त्या घरी गेलो. ओसरीवर पिंजरा टांगलेला. हिरवागार, गळ्याला लाल पट्टा असलेला राघू. मला बघून म्हणाला, "या, बसा, पानी घ्या." शब्द इतके स्पष्ट, की माझ्याबरोबरचा जमादार हसला. मग पक्ष्यानं पंख फुलवले आणि वेगळ्याच, बारीक, फाटलेल्या आवाजात ओरडला, "मारू नका! पाया पडते, मारू नका!"

जमादाराचं हसू तोंडावरच विरलं.

"नकला करतो, साहेब," नवरा म्हणाला. "बायकूनं माहेरून आनला व्हता. कुठं ऐकलं कुनाला ठाव. सारी आळी हसती."

शेजारच्या घरात मी एकटाच गेलो. शेजारीण कापसातली सरकी काढत बसली होती. घरं भिंतीला भिंत लागून. त्या दिवशी काही ऐकलं का, म्हणून विचारलं, तर तिनं हातातला कापूस मांडीवर ठेवला. मग खाली मान घालून म्हणाली, "ऐकलं की. मारू नका, मारू नका, लय येळ चाललं व्हतं. मला वाटलं राघूच ओरडत असंल."

तिनं पुढं सांगितलं ते असं. आधी एकदा असाच आवाज आला, तेव्हा ती आणि आणखी दोघी-तिघी धावत गेल्या होत्या. नवऱ्यानं हसत पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. पक्षी खरोखरच ओरडत होता. सून आतल्या खोलीत, दार लोटलेलं. बायका ओशाळून परत आल्या. पुन्हा एकदा गेल्या, पुन्हा राघूच. आळीतली माणसं त्यांची थट्टा करायला लागली, पोपटाला सोडवायला निघाल्यात म्हणून. त्यानंतर आवाज आला की कुणी हातातलं काम सोडायचं नाही.

"म्या उठले न्हाई, साहेब," ती म्हणाली. तिच्या मांडीवरचा कापूस तसाच पडून होता.

मी पक्षी मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. रोजनामच्यात 'एक सब्ज परिंदा, बोलनेवाला', म्हणजे बोलणारा हिरवा पक्षी, अशी नोंद करताना ठाण्याचा कारकून, मोहर्रीर, हसत होता. मी हसलो नाही. माझ्या आईनं राघू पाळला होता, त्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती. एकदा कानावर पडलेलं वाक्य पोपट सहसा उचलत नाही. सकाळच्या शांततेत, त्याच जागी, तेच शब्द पुन्हा पुन्हा बोलावे लागतात. तेव्हा कुठे तो बोलतो. हा पक्षी 'मारू नका' इतकं चोख बोलत होता, म्हणजे त्यानं ते किती वेळा ऐकलं असेल, याचा विचार करवत नव्हता.

ठाण्यात पिंजरा माझ्या टेबलाशेजारी होता. काही दिवस मी त्याला नुसता बघत राहिलो. 'या, बसा' म्हणून झालं की तो मजेत दांडीवर झुलायचा, कुणाकडे पाहायचा नाही. पण 'मारू नका' ओरडला की लगेच सरकत सरकत गजापाशी यायचा, चोच बाहेर काढायचा आणि माणसाच्या हाताकडे बघायचा. प्रत्येक वेळी तसंच. त्याला काहीतरी मिळायची सवय होती.

लिंबाखाली बसलेल्या आईला विचारलं, तुम्ही त्याला कसं शिकवलंत? ती म्हणाली, "आमी खायला देऊन न्हाई शिकवलं. त्याचं पोट भरलं की माझी लेक पिंजऱ्यापुढं बसून बोलायची. या, बसा, पानी घ्या. पाव्हणे आले की लय कौतुक व्हायचं. खायला देऊन शिकवलं की राघू हावरा हुतो, असं तीच म्हनायची."

मग हे दुसरं वाक्य खायला देऊन पक्कं करून घेणारा कोण?

नवऱ्याला चौकशीला आणलं. सकाळभर विचारत होतो आणि सकाळभर तो गोड बोलत होता. विहीर जुनी, पाय घसरला, नशीब खोटं. मी त्याच्यावर हात उचलला नाही. मारून वदवलेलं अदालतीत टिकत नाही, आणि त्या दिवशी तर मला मारण्याचीच किळस आली होती. दुपारी त्याच्यापुढे भाकरी ठेवली. भाकरीवर पिठलं आणि हिरव्या मिरच्या. पिंजरा त्याच्या हाताच्या अंतरावर होता. मी मुद्दाम कागद चाळत बसलो.

तो जेवायला लागला. राघूनं पंख फुलवले. "मारू नका! पाया पडते, मारू नका!"

त्याचा घास चालूच होता. चावता चावता, न बघता, त्याच्या डाव्या हातानं एक मिरची उचलली आणि गजातून आत धरली. पक्ष्यानं ती घेतली. मग त्याला कळलं आपण काय केलं ते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात पाठीमागे घेतला.

त्यानंतर त्यानं सगळं सांगितलं. रडून नाही, शेतातलं काम सांगावं तसं. मारहाण आधीपासूनच होती. तिच्या ओरडण्यातले शब्द पक्ष्यानं आपण होऊन उचलले. बायका पहिल्यांदा धावत आल्या तेव्हा नेमका तोच ओरडत होता. बायका परत गेल्या आणि याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानंतर पक्षी ते शब्द बोलला की त्याला मिरची. त्याची आई पण द्यायची. चांगलं पक्कं झालं. मग घरात कितीही मारलं तरी आळीतलं कुणी येत नसे. शेवटच्या दिवशी ती विहिरीकडे पळाली, काठावर त्यानं तिला गाठलं आणि आत ढकललं.

"ती लय ओरडली," तो म्हणाला. "कुनी आलं न्हाई."

मला वाटलं, केस उभी राहिली. आईला लिंबाखाली जाऊन सांगितलं, की मावशी, सरकार म्हणेल. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा चहा घेतला.

पण पोलिसांपुढची कबुली पुराव्यात धरत नाहीत, ती मॅजिस्ट्रेटपुढे पुन्हा द्यावी लागते. मॅजिस्ट्रेटपुढे नेला तेव्हा पठ्ठ्यानं तोंड फिरवलं, अमीनसाहेबांनी धमकावलं म्हणाला. वकील त्यानं परभणीहून मोठा आणला होता. मिरचीची हकीकत मी सांगितली तेव्हा वकील म्हणाला, घरच्या पोपटाला मिरची देणं हा कधीपासून गुन्हा झाला? अदालतीत हशा पिकला. न्यायाधीशही हसत म्हणाले, "अमीनसाब, परिंदे को हलफ दिलाएंगे क्या?" म्हणजे, पक्ष्याला शपथ देणार का.

सगळी भिस्त शेजारणीवर होती. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "म्या त्या दिशी शेतात व्हते. मला कायबी ऐकू आलं न्हाई." तिच्या मागे तिचा नवरा आणि दीर उभे होते. तिला गावातच राहायचं होतं, भिंतीला भिंत लावून. तिच्यावर मला तेव्हा राग आला. तो राग पुढे गेला, पण तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, ही शंका उरली आणि ती रागापेक्षा वाईट होती.

आरोपी सुटला. निकालात लिहिलं होतं, की मयत पाय घसरून विहिरीत पडली. सरकारनं जे म्हणू नये म्हणून ती बाई लिंबाखाली बसली होती, तेच सरकारनं शिक्का मारून म्हटलं. मी तिला तो निकाल मराठीत सांगितला.  पुढच्या लगीनसराईत त्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं, मुलगी बऱ्या घरची होती.

राहिला मुद्देमाल. पक्षी सासरच्यांनी मागितला नाही. आईनं मागितला. मी तिला म्हणालो, "मावशी, नका नेऊ. तो काय बोलतो तुम्हाला माहीत आहे. मी जंगलात सोडतो त्याला."

"माहीत हाय," ती म्हणाली. "पर आवाज तिचा हाय न्हवं." आणि पिंजरा पदरात झाकून घेऊन गेली.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच दिवसांनी चारठाण्याकडे बंदोबस्ताला गेलो असताना तिचं घर विचारत गेलो. तेवढ्या दिवसांत ती फार वाळली होती. ओसरीवर पिंजरा होता. तिनं बसायला घोंगडी टाकली आणि आत चूल पेटवायला गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात राघू ओरडला, तेच शब्द, त्याच बारीक आवाजात.

आत भांडं खाली आपटलं. ती धावत बाहेर आली, हात ओले, पदर सुटलेला. "आले गं माय, आले!" पिंजऱ्यापाशी येऊन थांबली. गजाला हात लावून उभी राहिली. पक्ष्यानं चोच पुढे केली, तिनं त्याला काही दिलं नाही.

मी म्हणालो, "मावशी, राघू आहे तो."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "रोज ठाव असतंय. तरीबी उठते मी, साहेब. तवा कुनीच उठलं न्हाई."

ती पुन्हा आत गेली. सांडलेलं आधण पुसून तिनं दुसरं ठेवलं. चहा होईपर्यंत आणखी एकदा तसंच झालं, पुन्हा ती धावत आली, तितक्याच घाईनं. मी मान खाली घालून बसलो. माझ्या टोपीवर सरकारचा बिल्ला होता आणि त्या घरात त्याचा काही उपयोग नव्हता.

नवी माणसं मला विचारतात, या नोकरीनं काय शिकवलं. तपासाच्या युक्त्या सांगाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असते. मी त्यांना एवढंच सांगतो, की कुठूनही ओरडण्याचा आवाज आला तर उठा आणि जाऊन बघा. दहादा फसलात तरी अकराव्यांदा उठा. ते माना हलवतात. मग मला ते पंच आठवतात. पुढे राजवट गेली, बिल्ला बदलला, ठाण्यातलं लिखाण मराठीत आलं. निकाल कुणी बदलला नाही. कागदावर ती मुलगी आजही पाय घसरूनच पडलेली आहे.